दंड गाडीला, मोकळीक चालकाला

वाहतुकीच्या नियमभंगाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा दंडाच्या रकमेपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. सप्टेंबर २०१९ मध्ये सुधारित मोटार वाहन कायदा लागू झाला तेव्हा हेच घडले. केंद्राने दंडाच्या रकमा अनेक पटींनी वाढवल्या, महाराष्ट्राचे तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी त्या अवाजवी ठरवून राज्यातील अंमलबजावणी रोखून धरली, मध्यंतरी सरकार बदलले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये राज्याने अखेर वाढीव तडजोड शुल्क, म्हणजे खटल्याऐवजी भरायचा दंड, स्वीकारले. या सव्वादोन वर्षांत दंड किती असावा यावर पुष्कळ बोलले गेले. तो नेमक्या कोणत्या वर्तनासाठी व्हावा, कोणाला व्हावा आणि त्याची नोंद कोठे राहावी, हे प्रश्न मात्र कोणी फारसे विचारले नाहीत. ते न विचारल्याची किंमत आपण रोज मोजतो, आणि ती सर्वांत उघड दिसते मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर.

हा मार्ग उदाहरणासाठी घेण्याचे कारण असे की इथे नेहमीच्या सबबी चालत नाहीत. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या रस्त्यावर दुचाकी, रिक्षा, बैलगाड्या आणि पादचारी यांना मज्जाव आहे. मध्ये सिग्नल नाहीत, चौक नाहीत, समोरून येणारी वाहतूक दुभाजकापलीकडे आहे. जाणाऱ्या बाजूला तीन लेन आणि येणाऱ्या बाजूला तीन. नियमही सोपा आहे: जड वाहने डाव्या लेनमध्ये, मोटारी मधल्या लेनमध्ये, आणि उजवी लेन फक्त पुढच्याला ओलांडण्यापुरती. शिस्त पाळायला याहून सोयीचा रस्ता महाराष्ट्रात नव्हता. तरीही उर्से टोलनाका सोडून कामशेतच्या दिशेने निघालेल्या कोणालाही दिसते ते असे, की उजव्या लेनमध्ये एक कंटेनर निवांत चाललेला असतो, त्याच्या मागे पाच-सात मोटारी डिपर मारत असतात, आणि त्यांतील सर्वांत उतावीळ मोटार डावीकडून वाट काढत असते.

आपला राग साहजिकच त्या शेवटच्या मोटारीवर निघतो. तो गैरवाजवी नाही, पण अपुरा आहे. या रस्त्यावर लेनची शिस्त मोडणारे तीन प्रकारचे चालक असतात. उजवी लेन अडवणारे जड वाहन हा पहिला प्रकार, साप गेल्यासारखी नागमोडी गाडी काढणारा हा दुसरा. तिसऱ्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही, कारण तो आपल्यातलाच सभ्य गृहस्थ असतो. ताशी सत्तर-पंचाहत्तरच्या वेगाने, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, डावीकडच्या दोन्ही लेन मोकळ्या असताना तो उजव्या लेनमधून मैलोगणती जात राहतो. वेगमर्यादा आपण ओलांडलेली नाही, मग आपले काय चुकले, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. मागून दिवे दाखवणाऱ्याला तो उद्धट समजतो, आणि कधीकधी तो उद्धट असतोही. पण उजवी लेन अडल्यावर डावीकडून ओलांडणाऱ्यांची जी रांग लागते, तिचा जन्मदाता हाच गृहस्थ.

डावीकडून ओलांडणे आपल्या रस्त्यांवर विशेष घातक का, हेही सांगायला हवे. आपल्या वाहनांत चालक उजवीकडे बसतो. ट्रक-कंटेनरसारख्या उंच वाहनाच्या केबिनमधून डाव्या अंगाचा बराच भाग त्याला दिसतच नाही, आणि क्लीनर शेजारी नसेल तर त्या बाजूची खबर द्यायलाही कोणी नसते. त्या आंधळ्या पट्ट्यात मोटार शिरते आणि नेमक्या त्याच क्षणी ट्रक आपल्या हक्काच्या डाव्या लेनकडे वळू लागतो. दुसरा धोका वेगातील फरकाचा. ताशी शंभरच्या वेगाने जाणारी मोटार मधली लेन सोडून डावीकडे आली आणि पुढे ताशी तीसने चढण चढणारा ट्रक असला, तर दोघांमधले अंतर सेकंदाला एकोणीस मीटरहून अधिक वेगाने घटते. साठ मीटर मोकळे दिसत होते ते तीन सेकंदांत संपतात. त्यातला सेकंद-दीड सेकंद तर पाय ब्रेकवर जाण्यातच जातो. मोटार ट्रकच्या मागच्या बाजूखाली घुसल्याच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांतील कित्येकांची सुरुवात अशी दोन-तीन किलोमीटर आधीच, कोणीतरी अडवलेल्या उजव्या लेनमध्ये झालेली असते. पंचनाम्यात मात्र तो आधीचा माणूस येत नाही. तो केव्हाच खालापूरच्या टोलनाक्याकडे निघून गेलेला असतो.

सरकारी आकडेवारीतही तो सापडत नाही. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत, आणि लेनची बेशिस्त उलट दिशेने वाहन चालवण्याबरोबर एकाच रकान्यात कोंबलेली आहे. त्या रकान्याचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास भरतो. हे दोन गुन्हे एकमेकांशी संबंधित नाहीत. उलट दिशेने येणारा माणूस जाणूनबुजून जिवाशी खेळतो. उजवी लेन अडवणाऱ्याला आपण काही करतो आहोत याचीच जाणीव नसते. शिवाय अतिवेग हे अपघातस्थळी हजर झालेल्या पोलिसाला लिहायला सर्वांत सोपे कारण आहे. वेग प्राणघातक असतो यात वाद नाही, पण वेगवेगळ्या वेगांची वाहने एकमेकांच्या वाटेत येतात ती लेनमुळे, आणि याची मोजदाद कोठेच होत नाही.

१४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे माजी आमदार विनायक मेटे यांचा याच मार्गावर अपघाती मृत्यू झाला आणि लेनची शिस्त काही काळ मथळ्यांत आली. त्या वर्षाच्या डिसेंबरपासून परिवहन विभागाने सहा महिन्यांची तपासणी मोहीम राबवली, आणि जुलै २०२४ पासून रस्त्यावर कमानी उभारून कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली, जी वेग, सीटबेल्ट, मोबाइल यांबरोबर लेन कटिंगचीही ई-चलाने पाठवते. याआधी एका स्वयंसेवी संस्थेने रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांबरोबर केलेल्या कामातून इथले बळी घटले होतेच. २०१६ मध्ये वर्षभरात १५१ जीव गेले होते, ते प्रमाण पुढे निम्म्याहून खाली आले. म्हणजे या रस्त्यावर काही केल्याने काही होते, हे सिद्ध आहे. कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. पण कॅमेऱ्यांमागचा कायदा ज्या पद्धतीने रचला आहे, त्यात एक मोठी पोकळी आहे.

आपल्या मोटार वाहन कायद्यात लेनच्या बेशिस्तीसाठी दोन दारे आहेत. पहिले कलम १७७अ. रस्त्यावर वाहन कसे चालवावे याची २०१७ ची विनियमावली मोडली तर या कलमाखाली किमान पाचशे आणि कमाल एक हजार रुपये दंड होतो. पैसे भरले, विषय मिटला. दुसरे दार कलम १८४ चे, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याचे. तिथे पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. २०१९ च्या सुधारणेने या कलमाला जोडलेल्या स्पष्टीकरणात सिग्नल तोडणे, हातात मोबाइल धरणे, नियमाविरुद्ध ओलांडणे, उलट दिशेने जाणे ही उदाहरणे दिली असून शेवटी एक सर्वसाधारण कसोटीही आहे: सक्षम आणि सावध चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या फार खाली उतरणारे आणि धोका उघड दिसत असलेले चालवणे.

ही कसोटी ब्रिटनच्या कायद्यातून जवळजवळ जशीच्या तशी आलेली आहे. त्यांचा रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टही योगायोगाने १९८८ चाच. पण तिथे या कसोटीला दोन पायऱ्या आहेत. अपेक्षित पातळीच्या फार खाली गेलात तर धोकादायक, आणि नुसते खाली गेलात तर निष्काळजी. दोन्ही स्वतंत्र गुन्हे आहेत आणि दोघांच्या शिक्षाही वेगळ्या आहेत. आपण वरची पायरी घेतली आणि खालची तिथेच ठेवली. त्यामुळे आपल्या कायद्याला एक तर खतरनाक चालक ओळखता येतो, नाहीतर पाचशे रुपयांचा किरकोळ नियमभंग करणारा. डावी बाजू मोकळी असताना दहा किलोमीटर उजवी लेन धरून बसलेला, किंवा पुढच्या मोटारीला चिकटून ताशी शंभरने जाणारा माणूस या दोहोंच्या मध्ये पडतो. त्याला तुरुंगात पाठवावे असे कोणीच म्हणणार नाही, आणि पाचशे रुपयांनी त्याचे काही बिघडत नाही.

ब्रिटनमध्येही ही मधली पायरी बराच काळ कागदावरच होती. निष्काळजीपणाचा प्रत्येक खटला न्यायालयात न्यावा लागे, म्हणून पोलीस मधली लेन अडवणाऱ्याच्या मागे लागतच नसत. १६ ऑगस्ट २०१३ पासून पोलिसांना जागच्या जागी शंभर पौंड दंड आणि परवान्यावर तीन दोषांक, म्हणजे गुन्ह्यागणिक साठत जाणारे गुण, देण्याचा अधिकार मिळाला, आणि त्यात मोटारीला चिकटून चालणे व विनाकारण मधली लेन धरून राहणे यांचा नावानिशी उल्लेख झाला. किरकोळ प्रकरणांत दंडाऐवजी प्रशिक्षणवर्गाचा पर्याय ठेवला गेला. जे न्यायालयात गेले त्यांना अधिक भोगावे लागले. एम-६२ या मोटरवेवर ताशी साठ मैलांनी मधली लेन धरून राहिलेल्या एका व्हॅनचालकाला २०१५ मध्ये दंड आणि खर्च मिळून ९४० पौंड भरावे लागले आणि परवान्यावर पाच दोषांक चढले. तीन वर्षांत बारा दोषांक झाले की परवाना किमान सहा महिने जातो, आणि नवख्या चालकाचा तर पहिल्या दोन वर्षांत सहा दोषांकांवरच रद्द होतो. विम्याचा हप्ता वाढतो तो वेगळाच. म्हणून तिथला माणूस शंभर पौंडांपेक्षा त्या तीन दोषांकांना अधिक घाबरतो. मधली लेन अडवणारे तिथून नाहीसे झाले असे मी म्हणत नाही. त्यांच्याबद्दलची कुरकुर तिथे आजही चालू असते. पण आपण करतो आहोत तो गुन्हा आहे, हे तरी त्यांना आता ठाऊक आहे.

आपल्याकडे दंडाची नोंद चालकाच्या परवान्यावर होत नाही, ही या विषयातील सर्वांत मोठी गफलत आहे. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, चलान वाहनाच्या नोंदणीकृत मालकाच्या मोबाइलवर जाते. मोटार मुलाने चालवली, मित्राने चालवली की भाड्याच्या चालकाने, याच्याशी यंत्रणेला देणेघेणे नसते. मालवाहतुकीत याचे परिणाम फार वाईट होतात. मालक चलानाची रक्कम चालकाच्या पगारातून कापतो किंवा धंद्याचा खर्च म्हणून सोसतो. दोन्ही वेळा चालकाच्या परवान्यावर काहीच लिहिले जात नाही आणि नोकरी बदलताना त्याच्या सवयी बिनबोभाट पुढच्या मालकाकडे जातात. खासगी मोटारींच्या मालकांनी तर चलान थकवत ठेवायचे आणि लोकअदालतीत सवलत मिळाली की एकरकमी मिटवायचे, हा शिरस्ताच करून टाकला आहे. राज्यातील थकीत ई-चलाने हजारो कोटी रुपयांच्या घरात गेली आहेत. ज्या दंडाची वसुली ऐच्छिक आहे त्याची रक्कम दुप्पट केल्याने थकबाकी दुप्पट होईल, रस्ता सुधारणार नाही.

चालक कोण होता हे शोधायचे कसे, हा आक्षेप लगेच येतो. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. कलम १३३ नुसार अधिकाऱ्याने विचारल्यास वाहन कोण चालवत होते हे सांगणे मालकावर बंधनकारक आहे, आणि न सांगितल्यास शिक्षेचीही तरतूद आहे. ब्रिटनमध्ये अशीच तरतूद दंडव्यवस्थेचा कणा आहे. तिथे चालकाचे नाव न सांगणाऱ्या मालकाच्याच परवान्यावर सहा दोषांक चढतात. आपल्याकडे हे कलम अपघाताच्या तपासापलीकडे क्वचितच वापरले जाते.

दोषांकांची कल्पना केंद्रीय पातळीवर अधूनमधून चर्चेला येते. परवाना निलंबित करण्याचे अधिकारही आहेतच. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये अतिवेग, सिग्नल तोडणे, मद्यपान, मोबाइल, जादा भार आणि मालवाहनातून प्रवासी नेणे या गुन्ह्यांसाठी किमान तीन महिने परवाना निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते. त्या यादीत लेन नाही. असती तरी मला ते फारसे पटले नसते, कारण एका चुकीसाठी तीन महिने परवाना काढून घेणे हे पोटावर पाय देण्यासारखे आहे, आणि शिक्षा इतकी जड झाली की ती देणारा हात आखडतो. हलकी, पण हमखास होणारी आणि परवान्यावर साठत जाणारी शिक्षाच निष्काळजीपणाला लागू पडते. जो वर्षातून एकदा चुकतो त्याला तिचा जाच नाही, आणि जो दर आठवड्याला चुकतो त्याची वाट ती आपोआप अडवते.

आता वाहतूकदारांची बाजू. २०२५ च्या जुलैमध्ये त्यांनी ई-चलानांविरुद्ध राज्यात संप पुकारला, तेव्हा शहरी वाचकांत त्यांच्याबद्दल सहानुभूती फारशी दिसली नाही. त्यांच्या सगळ्या मागण्या मान्य करण्याजोग्या आहेत असे नाही. पण बोरघाटात भरलेला ट्रक चढवण्याचे गणित मोटारवाल्यांना ठाऊक नसते. पुढे ताशी पंधराने रांगणारे वाहन असेल आणि मागच्याने त्याच्यामागे थांबून गती गमावली, तर पुन्हा गियर पडून वेग येईपर्यंत त्याचा क्लच आणि डिझेल दोन्ही जळतात. म्हणून तो मधल्या लेनमध्ये येतो. नियमातही ओलांडण्यापुरती ती मुभा असायला हरकत नाही. शिवाय अडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत जुन्या महामार्गाची वाहतूकही याच रस्त्यात मिसळते, आणि डाव्या लेनमध्ये बंद पडलेला एक ट्रक मैलभर रांग लावतो. अशा ठिकाणी लेन कटिंगचे सरसकट चलान पाठवणे हा अन्याय आहे, आणि अन्यायी चलानांनी न्याय्य चलानांचीही पत जाते.

उजव्या लेनचे मात्र तसे नाही. ब्रिटनमध्ये साडेसात टनांवरील मालवाहनाला तीन लेनच्या मोटरवेवरील सर्वांत उजव्या लेनमध्ये यायलाच बंदी आहे. ओलांडायचे असो वा नसो, सबब चालत नाही. हा नियम कॅमेऱ्यालाही समजतो. मोटारीने उजवी लेन विनाकारण अडवली की नाही, हे ठरवायला मात्र डावीकडे किती जागा होती, पुढे काय होते, ती किती वेळ तिथे होती हे सगळे पाहावे लागते. ते काम कमानीवरच्या कॅमेऱ्याचे नव्हे. ते गस्तीच्या गाडीत बसलेल्या, प्रशिक्षित आणि समोरचे चित्रीकरण करणाऱ्या पोलिसाचे आहे. कॅमेरे आले म्हणून गस्त कमी केली, तर लेनच्या बाबतीत आपण आहोत त्याहून मागे जाऊ.

पोलिसाच्या हातात असा अधिकार दिला तर चिरीमिरीचे नवे कुरण तयार होईल, ही शंका खरी आहे. दोषांकांमुळे ती वाढेल हेही कबूल केले पाहिजे, कारण पाचशे रुपये वाचवण्यासाठी माणूस जेवढे देईल त्याहून कितीतरी अधिक परवाना वाचवण्यासाठी देईल. यावर माझ्यापाशी एकच अट आहे: चित्रीकरण नसेल तर दोषांक नाही, आणि ते चित्रीकरण चालकाला चलानाबरोबरच पाहता आले पाहिजे. याने भ्रष्टाचार संपणार नाही, पण खोटे चलान फाडणे अवघड होईल, आणि न फाडलेल्या चलानाचा हिशेब निदान वरिष्ठांना मागता येईल.

रस्ता बांधणाऱ्यांना या हिशेबातून वगळता येणार नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात अपघाती मृत्यू झाला तो सूर्या नदीवरच्या पुलापाशी, जिथे तीन लेनच्या दोन होतात. तिथे चालकाचे काय चुकले ते न्यायालय ठरवील. पण भरधाव रस्त्याची एक लेन पुलाच्या कठड्यापाशी संपत असेल, तर तिथे लेनची शिस्त चालकाच्या एकट्याच्या हातात राहत नाही. कायद्याचे कलम १९८अ सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला आणि सल्लागाराला दंड करते. कमाल एक लाख रुपये! कोट्यवधींच्या ठेक्यापुढे ही रक्कम ज्यांनी लिहिली त्यांना तिचा काही धाक वाटेल असे खरोखर वाटले असेल का, कोण जाणे.

परवाना देण्याच्या परीक्षेबद्दल थोडक्यातच बोलावे लागते, कारण तिथे बोलण्याजोगे फार काही घडतच नाही. आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढला, गाडी मागे घेऊन दाखवली की तो माणूस ताशी शंभरच्या रस्त्यावर जायला मोकळा होतो. तीन लेनचा रस्ता त्याने परीक्षेत पाहिलेलाही नसतो. निलंबित परवाना परत मिळवण्याआधी उजळणीचा अभ्यासक्रम पूर्ण करण्याची तरतूद २०१९ च्या सुधारणेत आहे. तीच लेन चुकवणाऱ्याला पहिल्या खेपेस दंडाचा पर्याय म्हणून देता येईल. उजवी लेन का मोकळी ठेवायची हे अर्धा दिवस बसून ऐकावे लागणे, हे वर वर्णन केलेल्या सभ्य गृहस्थाला हजार रुपयांपेक्षा निश्चित अधिक लागेल.

हे सगळे आता तातडीचे झाले आहे ते समृद्धी महामार्गामुळे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. तिथेही तीन लेन आहेत आणि बहुतांश लांबीवर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे, म्हणजे लेन चुकण्याची किंमत पुण्याच्या रस्त्यापेक्षा अधिक. तिथली ई-चलाने थेट चालकाच्या परवान्याशी जोडायची तर दोषांकांसाठी केंद्राला कायद्यात दुरुस्ती करावी लागेल, आणि त्याला वेळ लागेल. पण मालकाला येणाऱ्या चलानावर ‘त्या वेळी वाहन कोण चालवत होते’ असा एक सक्तीचा रकाना वाढवायला राज्याला कोणत्याही दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही, कारण कलम १३३ कायद्यात १९८८ पासूनच आहे.